मोरीत गेलेलं दूध

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे जागतिक स्तनपान सप्ताह. आमच्यासारख्या तालुक्याच्या पत्रकाराच्या व्हॉट्सॲपवर या आठवड्यात ठरलेल्या प्रेसनोट येतात. ‘स्तनपान सप्ताह उत्साहात साजरा.’ सोबत फोटो. पुढं पाहुणे, हार, दीपप्रज्वलन. मागं कोपऱ्यात पदर सावरत उभ्या असलेल्या दोन-तीन बाया, त्यातल्या एकीच्या कडेवर रडणारं पोर. पत्रकारितेचा डिप्लोमा करून या धंद्यात आलो, त्याला वीस वर्षं झाली. वीस वर्षं ही नोट मी तीनशे शब्दांत बसवतोय.

यंदाही आली. टाइप करता करता हात थांबला. म्हटलं, तेरा वर्षं आपल्याच घरात पडून असलेली बातमी एकदा लिहून टाकू.

जानेवारी 2012. माझी मुलगी सातमाशी झाली. बायकोचा बीपी अचानक वाढला, रात्री नगरला हलवलं, पहाटे सिझर. मुलीचं वजन 1 किलो 240 ग्रॅम. दवाखान्याचं नाव सांगत नाही. त्या काळात दुसरीकडं नेलं असतं तरी बहुधा हेच घडलं असतं.

मुलगी खालच्या मजल्यावर पेटीत, आई वरच्या मजल्यावर वॉर्डात. मी जिन्यात. सिस्टरनी चिठ्ठी दिली. सिरिंज, नळी, डायपर, पावडरचा डबा. मी पळत जाऊन डबा आणला. दर दोन तासांनी 2 मिली. तेवढंच पोटात, तेही नाकातून घातलेल्या नळीनं.

वर बायकोला दिवसातून एकदा कुणीतरी विचारायचं, “दूध आलं का?” ती म्हणायची, नाही. विचारणारा पुढच्या कॉटकडं जायचा.

आम्हाला एक साधी गोष्ट कुणी सांगितली नाही. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ घालता येत नाही. साधारण 34 आठवडे भरल्यावर तो जमायला लागतो. बाळ ओढत नाही म्हणून आईच्या शरीराला दूध तयार करायचा निरोपच जात नाही. तो निरोप हातानं द्यावा लागतो. बाळंत झाल्यावर काही तासांतच हातानं किंवा पंपानं दूध काढायला सुरुवात करायची. दिवसातून आठेक वेळा, रात्रीसुद्धा. पहिल्यांदा थेंबच येतात, पण तोच चीक असतो आणि बाळाला तोच सगळ्यात मोलाचा. गाय व्यायली की पहिल्या चिकाचं महत्त्व आमच्या गावात शेंबड्या पोराला कळतं. माझ्या बायकोच्या चिकाबद्दल त्या पाच दिवसांत कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. मला माहीतच नव्हतं.

तिच्या शेजारच्या कॉटवर पाथर्डीकडची एक बाई होती. वय बावीस-तेवीस. ऊसतोडीला आलेली. फडातच पोटात दुखायला लागलं, बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपनं दवाखान्यात. तिचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. टाके ओले होते म्हणून ती अजून वॉर्डातच होती.

बाळ गेलं तरी दूध थांबत नाही. तिची छाती दगडासारखी दाटली, ताप भरला. आयाबाई म्हणाली, दाबून काढून टाक. ती मोरीपाशी उभी राहून दूध पिळायची आणि वर तांब्याभर पाणी ओतायची. बायकोनं ते दोनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी ती बाईच परत येऊन बायकोच्या कॉटवर टेकली आणि म्हणाली, “ताई, तुमच्या लेकराला चालतंय का बघा. नायतरी वायाच चाललंय.”

बायकोनं मला बोलावलं. मी सिस्टरला विचारलं. सिस्टर वाईट नव्हत्या. म्हणाल्या, “नाही हो दादा, असं देता येत नाही. तिच्या तपासण्या नाहीत, काही नाही. उद्या बाळाला काही झालं तर कोण जबाबदार?”

तेवढ्यात माझी आई, तीही तिथंच होती, हळूच म्हणाली, “पण कुणाची हाय ती?”

‘कुणाची’ म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मला समजलं. मी काही बोललो नाही. त्या बाईलाही समजलं असावं. ती उठून आपल्या कॉटवर गेली.

आठव्या दिवशी आमच्या मुलीचं पोट फुगलं. नळीतून हिरवं पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं आतड्याचं चित्र काढून सांगितलं की कमी दिवसांच्या बाळाच्या कच्च्या आतड्याला सूज येते, कधीकधी आतडं सडतं. दूध बंद, सलाईन सुरू. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांबद्दल लिहीत नाही.

मुलगी वाचली. आता आठवीत आहे, माझ्याशी भांडते, सायकलवरून शाळेत जाते. पावडरीमुळंच तसं झालं, असं मी आजही म्हणणार नाही. डॉक्टरही म्हणाले नव्हते. आईच्या दुधावरच्या बाळालाही हा आजार होतो. पण नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की पावडरीच्या दुधावर वाढलेल्या कमी दिवसांच्या बाळांत या आजाराचा धोका दात्या आईच्या दुधावर वाढलेल्या बाळांपेक्षा जवळपास दुप्पट असतो. एकेका बाळाबद्दल कुणी छातीठोक सांगू शकत नाही. हजार बाळांचा हिशोब मांडला की फरक दिसतो.

ती बाई त्याआधीच गेली होती. मुकादमाचा फोन आला होता म्हणे, खाडे पडतायत. टाके काढायच्या आत नवरा तिला परत फडावर घेऊन गेला. मी पत्रकार. कोण, काय, कधी, कुठं, का, हे पाच प्रश्न डिप्लोमात घोकलेला. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

पाच वर्षांनी, 1 जून 2017. आपल्याच राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. मी कव्हर करायला गेलो होतो. रस्त्यावर दूध ओतलं जात होतं, पांढरे ओघळ डांबरावरून गटारीकडं. मी उभा राहून फोटो काढत होतो आणि डोळ्यांसमोर ती मोरी. इथं भाव नाही म्हणून दूध गटारीत, तिथं सोय नाही म्हणून. त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा शोधलं, की जगात याला काही उपाय आहे का.

उपाय होता, आणि तो फार जुना होता. जगातली पहिली मातृदूध बँक 1909 साली व्हिएन्नात निघाली. आशियातली पहिली आपल्या मुंबईत, नोव्हेंबर 1989 मध्ये, सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात. ती उभी केली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी. धारावीला लागून असलेलं हे रुग्णालय, गरिबांची गर्दी, नर्स कमी, नवजात बाळं जंतुसंसर्गानं दगावायची. बाईंनी महागडी यंत्रं येण्याची वाट पाहिली नाही. आयांनाच बाळांपाशी आत घेतलं, पावडर आणि बाटली बाहेर काढली आणि आईचं दूध हेच औषध मानलं. ज्या बाळाची आई आजारी किंवा गेलेली, त्याच्यासाठी दुसऱ्या आयांचं जादा दूध गोळा करायची सोय केली. पुढं त्या त्याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. म्हणजे माझी मुलगी जन्मली तेव्हा सायनची बँक बावीस वर्षांची होती. नगरपासून मुंबई अडीचशे किलोमीटर. बावीस वर्षांत ही गोष्ट माझ्यासारख्या बातमीदारापर्यंतही पोचली नव्हती.

आता ही बँक चालते कशी, ते सांगतो. आपल्या जिल्ह्याला ते कळायला अजिबात अवघड नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारा जिल्हा आपला. फॅट, एसएनएफ, बल्क कूलर, टँकर हे शब्द इथल्या पोरांना बाराखडीसोबत येतात.

दूध देणारी आई निरोगी लागते. स्वतःचं बाळ पोटभर पिऊन उरलं तरच तिचं घ्यायचं. तिच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी, गुप्तरोग यांची तपासणी होते. कोणती औषधं चालू आहेत, तंबाखू-मिश्री आहे का, हे विचारतात. मिश्री लावणाऱ्या बाईचं घेत नाहीत. लेखी संमती घेतात. पैसे देत नाहीत. हात-छाती स्वच्छ करून, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध काढतात, वर चिठ्ठी लावून थंड करतात. मग 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवून पटकन गार करतात. डेअरीतला माणूस म्हणेल, हे तर आपलं बॅच पाश्चरायझेशन झालं. तेच आहे. त्यानंतर जंतू उरलेत का हे प्रयोगशाळेत तपासतात. नमुना बिघडला तर ते दूध फेकून देतात. चांगलं असेल ते उणे 20 अंशांवर गोठवून ठेवतात, काही महिने टिकतं. डॉक्टरांनी लिहून दिलं आणि बाळाच्या घरच्यांनी सही केली, की बाळाला मिळतं.

म्हणजे 2012 साली सिस्टर म्हणाल्या ते बरोबरच होतं. न तपासलेलं दूध एका बाईचं काढून दुसरीच्या बाळाला देणं धोक्याचंच. चूक त्यांच्या ‘नाही’मध्ये नव्हती. त्या ‘नाही’च्या पुढं ‘पण बँकेत पाठवू’ असं म्हणायला काही नव्हतं, हे खरं दुखणं.

आणि लागतं किती, तर ऐका. एक किलोच्या बाळाला पहिल्या एक-दोन दिवसांत अख्ख्या दिवसाचं मिळून 10 ते 20 मिली, म्हणजे दोन ते चार चहाचे चमचे. पूर्ण फीडवर आलं तरी दिवसाला 150 मिलीच्या आसपास. घरातला पाणी प्यायचा पेला यापेक्षा मोठा असतो. त्या पाथर्डीच्या बाईनं एका वेळी मोरीत सोडलेल्या दुधात माझ्या मुलीचे पहिले कितीतरी दिवस निघाले असते. बाळ गमावलेल्या आयांनी दूध दिल्याची उदाहरणं जगभर आहेत. जबरदस्ती करायची नसते. तिच्यासारखं कुणी आपणहून विचारलं, तर ‘हो’ म्हणायची सोय लागते.

लोक काय म्हणतील, तेही बोलू.

पहिला प्रश्न माझ्या आईचाच. ‘कुणाचं दूध?’ तिला मी पुढं एकदा विचारलं, “आई, संभाजीराजांना दूध कुणी पाजलं?” 1657 साली पुरंदरावर शंभूराजांचा जन्म झाला. सईबाईंची तब्येत साथ देईना. मग कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी त्यांना अंगावर पाजलं. महाराष्ट्र आजही त्यांना राजांची दूधआई म्हणून हात जोडतो. छत्रपतींच्या घरात दूधआई मान्य, आणि आपल्या घरात केसपेपरवरचं आडनाव बघायचं? आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तवा घाबरले व्हते रं.” घाबरलेलो मीही होतो. पण जात आठवायला आपल्याला भीतीच्या वेळीही उसंत मिळते, हे लिहून ठेवलेलं बरं.

दुसरा प्रश्न एका मुस्लिम मित्राचा, आणि तो रास्त आहे. इस्लाममध्ये दुधाचं नातं मानतात. एकाच बाईचं दूध ठरावीक वेळा प्यालेली मुलं दूधभावंडं होतात, त्यांचं आपसात लग्न लागत नाही. बँकेत अनेक आयांचं दूध एकत्र होतं, तर नातं कसं कळणार? यावर जाणकारांतही वेगवेगळी मतं आहेत. रस्ता एकच, आईबापांना आधी स्पष्ट सांगायचं, नोंद चोख ठेवायची, शक्य तिथं एकाच दात्या आईचं दूध वेगळं ठेवायचं आणि नको म्हणाले तर मान ठेवायचा.

तिसरा प्रश्न, ‘बँक’ म्हटल्यावर धंदा होणार का? नगरकर बँकेच्या नावाला दचकतो, त्याला कारणंही आहेत. पण इथं कायदा स्पष्ट आहे. आईच्या दुधाची विक्री करता येत नाही. मे 2024 मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं म्हणजे एफएसएसएआयनं पुन्हा बजावलं, की मानवी दुधावर प्रक्रिया करून विकायला परवानगी नाही, असले परवाने देऊ नका. दूध द्यायचं ते फुकट, आणि जायचं ते दवाखान्यातल्या बाळालाच. कुणी ऑनलाइन पाकीट विकत असेल तर घेऊ नका. पावडरीच्या डब्याच्या जाहिरातीलाही 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, हे जाता जाता.

आता मुद्द्याची गोष्ट. इतकं वाचल्यावर मला वाटायचं, जिल्ह्यात एक मोठं मशीन आणून फीत कापली की झालं. तसं नाही. दात्या आईचं दूध हा दुसरा पर्याय आहे. तापवल्यावर त्यातली रोगाशी लढायची ताकद थोडी कमी होते, लहान बाळाला त्यात पोषक पूड मिसळावी लागते. पहिला पर्याय म्हणजे बाळाच्या स्वतःच्या आईचं ताजं दूध. चांगली बँक आधी आईला दूध यायला मदत करते, आणि ते येईपर्यंतचे चार-सहा दिवस दुसरीचं दूध बाळाला पुरवते. सरकारनं 2017 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. मोठ्या रुग्णालयात पाश्चरायझेशनसह पूर्ण केंद्र, त्याखालच्या रुग्णालयात आईचं दूध काढून तिच्याच बाळासाठी साठवायची सोय, आणि जिथं जिथं बाळंतपण होतं तिथं निदान शिकवणारं माणूस. केंद्राचं नावच स्तन्य व्यवस्थापन केंद्र आहे. बँक हा त्यातला एक भाग.

माझ्या बायकोला 2012 साली पंप नको होता, यंत्र नको होतं. पहिल्या दिवशी कॉटपाशी बसून ‘चल ताई, हातानं कसं काढायचं दाखवते’ म्हणणारी एक बाई हवी होती. पेटीपाशी बसायला एक खुर्ची हवी होती. आड करायला एक पडदा.

आपला जिल्हा राज्यात क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा, चौदा तालुके. अकोल्याच्या डोंगरातली बाई आणि जामखेडची बाई एकाच जिल्ह्याच्या ठिकाणी पोचणार कधी? देशात 2020 साली सुमारे 30 लाख बाळं दिवस भरायच्या आत जन्मली, जगात सगळ्यात जास्त. त्यात आपल्या ऊसतोडीच्या आया आहेत, उचल फिटेपर्यंत आठव्या महिन्यातही मोळी उचलणाऱ्या. त्यांच्यासाठी दुधानंच प्रवास करायला हवा. तालुक्याच्या दवाखान्यात काढलेलं दूध बर्फाच्या पेटीतून केंद्रात, तपासून, गोठवून परत. गायीच्या दुधासाठी आपण हे रोज करतो. आणि बँक ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावठी बियाण्यांची बँक घरातूनच उभी केली. सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

म्हणून मागणं आहे. आमदार, जिल्हा परिषदेचे साहेब, खासगी बालरोगतज्ज्ञ, सगळ्यांकडं. आणि तुमच्याकडंही. तुमच्या जवळच्या दवाखान्यात, सरकारी असो की खासगी, जाऊन एवढंच विचारा:

1. बाळ पेटीत असेल तर आईला त्याच्यापाशी बसू देता का?
2. पहिल्याच दिवशी दूध काढायला शिकवणारं माणूस आहे का? रात्रीही?
3. काढलेलं दूध ठेवायला वेगळा फ्रीज आहे का?
4. आईचं दूध कमी पडलं तर दात्या आईचं दूध कुठून मिळेल? नंबर भिंतीवर लावलाय का?
5. एखाद्या आईला जास्तीचं दूध द्यायचं असेल तर तिनं कुणाला भेटायचं?

काय उत्तर मिळतं ते कॉमेंटमध्ये लिहा, तालुक्याच्या नावासह. चांगलं उत्तर मिळालं तर तेही लिहा, कारण बाकीच्यांना तिथं जाता येईल. भांडायला जाऊ नका. डॉक्टर-सिस्टर आधीच कामानं वाकलेत. शांतपणे विचारा. तेच प्रश्न वीस जणांनी विचारले की फ्रीज येतो, असा माझा पत्रकारितेतला अनुभव आहे. आणि ज्यांच्या घरात बाळंतपण जवळ आलंय, त्यांनी हे पाच प्रश्न आधीच खिशात ठेवा. जिन्यात उभं राहिल्यावर काही सुचत नाही.

ती पाथर्डीची बाई आज पस्तिशीची असेल. हे तिच्यापर्यंत पोचणार नाही बहुधा. पोचलं तर एवढंच, की ताई, तुम्ही विचारलं होतं, उत्तर द्यायचं आमच्याकडून राहिलं.

आणि प्रेसनोट पाठवणाऱ्या मंडळींना हात जोडून. पुढच्या ऑगस्टात पाहुण्यांची नावं कमी पाठवा. त्याऐवजी दोन आकडे पाठवा. वर्षभरात किती मिली दूध जमा झालं आणि किती बाळांना दिलं. फोटो नसला तरी चालेल. पान एकवर घेण्यासाठी मी संपादकांशी भांडेन.